झे. ना.

३ मार्च, सोमवार

अकरा वर्षं डोंगरातल्या वाटा मी आखल्या! चष्म्याच्या दुकानात काउंटरवर नकाशे पसरून, गिऱ्हाईकं ताटकळत ठेवून. आणि गेल्या वर्षी आमच्या गिर्यारोहण क्लबात आलेला हा दाढीवाला चित्रकलेचा मास्तर आज सगळ्यांसमोर म्हणतो, “शिखर गाठायचं आणि उतरायचं, यात काय मजा? वाटेतल्या गावांत राहू. विणकरांकडे बसू. गाणी ऐकू.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दातवाल्या डॉक्टरनेसुद्धा — माझा वीस वर्षांपासूनचा मित्र!

मे महिन्यात नऊ दिवस, तीन गावं. म्होरक्या कोण? दाढीवाला.

५ मार्च

ही म्हणाली, “मी पण जाणार आहे.” बाही उसवत होती, मान वर न करता.

“तू? डोंगरात?” मला हसूच आलं.

विणकरांचे नमुने उतरवून घ्यायला शिवणकाम कळणारं माणूस हवंय. सरांनी विचारलं म्हणे. सर! मग मी वर्तमानपत्र हात लांब करून धरलं, तर वर टोमणा — “जगाला चष्मे लावता, स्वतःला कधी लावणार?” मला नीट दिसतं. सगळं दिसतं.

९ मार्च, रविवार

बैठक आमच्याच घरी. खुर्च्या कमी पडल्या, तर दाढीवाला जमिनीवर मांडी ठोकून बसला आणि कसलातरी फालतू विनोद केला. ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तोच विनोद मी लग्नानंतर वर्षभरात सांगितला होता. तेव्हा म्हणाली होती, “दूध उतू जातंय.”

जळफळाट झाला. इथे लिहायला काय हरकत आहे.

माझी मोहिमांची वही त्याला हवी होती. दर मोहिमेआधी मी घरच्यांसकट सगळ्यांची नावं लिहून पुढे शेरा मारत असे. ‘झे.’ म्हणजे झेपेल. ‘झे. ना.’ म्हणजे झेपणार नाही. दातवाला म्हणाला, “अरे! मला वाटायचं, ‘झेपेल ना?’ असं प्रेमाने विचारतोयस!” सगळे खो खो हसले. ही नाही हसली. वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळत राहिली. कौतुकाने बघत असावी.

१० मार्च

जाणाऱ्यांची यादी हिने करायची ठरलंय. चला, आपलं माणूस कामाला आलं!

१६ मार्च

रोज सकाळी ही त्या सगळ्यांबरोबर टेकडी चढते. मी खिडकीतून बघतो. परत येते ती गाल लाल करून. नवे बूट दाढीवाल्याने निवडून दिले. तिच्या पायाचं माप मला विचारलं असतं, तर सांगता आलं असतं का? नसतं. त्याचाच जास्त राग आला.

“पाय दुखत नाहीत?”

“दुखतात की!” आणि आणखी हसली.

१९ मार्च

पाठीवर लेन्सचे खोके बांधून इमारतीचे पाच मजले चढलो. तीनदा! तिसऱ्यांदा उतरताना उजवा गुडघा कट्ट वाजला. ही दुकानात दोरे आणायला गेलेली, बरं झालं. गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलो, तर पाच मिनिटांत परत हजर. मी पिशवी उशीखाली सारली. तिने उशीवर हात ठेवला, तसाच क्षणभर ठेवला, आणि दोरे लावायला गेली.

२२ मार्च

‘माझं नाव आहे ना?’ — अगदी ओठांवर आलं होतं. पण मी का विचारू? माझं नाव न विचारता असायला हवं.

२३ मार्च, रविवार

क्लबच्या फळ्यावर यादी लागली. हिचं बारीक अक्षर, त्यात फळ्यापुढे गर्दी. दाढीवाला — झे. दातवाला — झे. स्वतःचं नाव — झे. सगळ्यांत शेवटी माझं.

झे. ना.

माझ्याच वहीतला शेरा, माझ्यावर! दातवाला मागून हाका मारत होता, थांबलो नाही. लंगडत घरी आलो आणि ओरडलो, “निदान एकदा विचारायचं तरी!”

हिचं शिवणयंत्र चालूच होतं. एका हाताने खण उघडून तिने माझी वही पुढे सरकवली. म्हणाली, “बघा.”

अकरा मोहिमा, अकरा पानं. प्रत्येक पानावर हिचं नाव आहे. पुढे माझ्या अक्षरात, दर वर्षी तेच.

तिला मी कधी टेकडीवरसुद्धा नेलं नव्हतं.

२४ मार्च

दुकानातला एक चष्मा लावून फळ्यापाशी गेलो. कोणी नव्हतं.

‘ना’ पुढे नुसतं टिंब नाहीये. त्याच्या वर बाक आहे — झे. ना? आणि पुढे उत्तरासाठी रिकामी जागा.

माझ्या अकरा पानांत एकही प्रश्नचिन्ह नाही.