आलोच म्हणजे कधी?

रविवार, ८ जानेवारी १९८४

घोरपड मेली नाही! दोन तास झाले, चौदा फेऱ्या झाल्या, बाई अजून धडधाकट.

डग तिला ड्रॅगन म्हणतो. पण त्याने कागदावर काढलेलं चित्र बघितलं तर घोरपडच आहे, फक्त आग ओकते. दर रविवारी दुपारी दोनला ही मंडळी आमच्या जेवणाच्या टेबलावर जमतात – शेखरच्या ऑफिसातला डग, त्याची बायको कॅरल, आणि विनय. विनय पुण्याचा, एकटा राहतो, मला वहिनी म्हणतो आणि चिवड्याचा डबा रिकामा करतो. प्रत्येकाचं एक खोटं माणूस असतं, कागदावर लिहिलेलं. डग गोष्ट सांगतो, आपण आपल्या माणसाने काय करायचं ते सांगायचं, बाकी फासे ठरवतात. शेखरचा शमशेर, ढालवाला. माझी सुलेखा – शाळेतल्या मैत्रिणीचं नाव दिलं – जखमा बऱ्या करते. दुसऱ्यांच्या.

मी आधी खायला द्यायला म्हणून टेबलापाशी यायचे. मग मागच्या वर्षी डगचं आणि विनयचं जुंपलं. बाण आधी सुटला की दार आधी बंद झालं? पाऊण तास! मी हात पुसून नियमांचं पुस्तक मागितलं आणि दहा मिनिटांत निकाल सांगितला. तेव्हापासून डग मला काउन्सेलर म्हणतो. विनय म्हणतो वकीलबाई.

हसू येतं. नागपूरच्या कोर्टात दोन वर्षं उभी राहिलेली बाई मी. अमेरिकेत आल्याला सहावं वर्ष लागलं, आणि माझं मत लोक विचारतात ते एवढ्याच एका गोष्टीवर – नसलेल्या माणसांनी कितव्या क्षणाला काय केलं.

पण विचारतात.

बुधवार, ११ जानेवारी

शेखर जेवताना म्हणाला, "चँडलरहून नोकरीची विचारणा आहे."

चँडलर म्हणजे अॅरिझोना. नकाशात बघितलं. आमच्या श्रूजबरीपासून सबंध देश आडवा.

"जायचं आपण?"

"बघू."

(या वहीत मी नवऱ्याला शेखर लिहिते, अरेतुरे करते. तोंडाने अहो. वहीत तेवढी चैन!)

रविवार, १५ जानेवारी

आज झालं ते क्रमाने लिहून ठेवते. साक्ष ताजी असताना.

सुलेखाचा पाय दगडाखाली अडकला. समोर घोरपड, तोंड उघडून. शमशेर ढाल घेऊन वीस पावलांवर. ती ढाल आगीला पुरून उरते, मागे जो असेल तो वाचतो. डग म्हणाला, "डिक्लेअर." म्हणजे या फेरीत काय करणार ते प्रत्येकाने आधी बोलून टाकायचं. मग फासे टाकायचे. एका फेरीचे दहा क्षण, आणि ज्याला जो आकडा पडेल त्या क्षणाला त्याचं काम होतं. बोललं म्हणजे झालं असं नाही – हा सगळ्या पुस्तकाचा गाभा आहे.

टेबलावर इंग्रजीतच बोलायचं असं ठरलेलं. पण घोरपडीने तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं – "अहो, येताय ना?"

शेखरचा हात चकलीच्या डब्यात होता. वर न बघता म्हणाला, "आलोच."

फासे पडले. घोरपडीला तीन. शेखरला सात. संपलं! तिसऱ्या क्षणाला आग, सातव्याला ढाल. मधल्या चार क्षणांत सुलेखाचा कोळसा.

तेवढ्यात विनय उभाच राहिला. "वेट, वेट! ही सेड आलोच! डग, दॅट इज पास्ट टेन्स, यार. 'आय केम.' ही इज ऑलरेडी देअर!"

डगने माझ्याकडे बघितलं. सज्जन माणूस आहे. त्यालाही सुलेखाला मारायचं नव्हतं. म्हणाला, मला तुमची भाषा येत नाही, काउन्सेलर. त्या शब्दाचा अर्थ तू सांगशील तो मी मानेन.

बाहेर बर्फ वाढायला लागला होता, म्हणून खेळ तिथेच थांबला. निकाल पुढच्या रविवारी.

सोमवार, १६ जानेवारी

दिवसभर पुस्तक. भांडी तशीच.

पान ४७ : बोलणं आधी, फासे नंतर, काम आपल्या आकड्यावर. स्वच्छ नियम. पण पान ११२ वर अगदी बारीक अक्षरांत – फासे पडण्याआधीच जो निघालेला आहे, तो पोचला असं धरावं. हे पान या टेबलावर माझ्याशिवाय कोणी वाचलेलं नाही, पैजेवर सांगते.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला : शेखर निघाला होता का?

शमशेर म्हणून पटावर ठेवलेली शिशाची बाहुली जिथल्या तिथे होती. हात चकलीत. पुरावा म्हणून आहे फक्त तो एक शब्द.

नागपूरला मी ज्यांच्या हाताखाली होते ते जगन्नाथकाका म्हणायचे – पोरी, आपला पक्षकार कोण ते आधी विसर, शब्द काय म्हणतो ते बघ. सोपं होतं तेव्हा. पक्षकार मी स्वतः कधीच नव्हते!

मंगळवार, १७ जानेवारी

शेखरला विचारलं, "तुम्ही तेव्हा निघाला होतात का?"

म्हणाला, "कुठे?"

गुरुवार, १९ जानेवारी

पूर्वीचे दाखले काढायला बसले. शब्दाचा अर्थ कोशात बघायचा नसतो, तो वापरात कसा आला ते बघायचं असतं.

१९७८, बॉस्टनचा विमानतळ. मी पहिल्यांदा उतरले. फोन केला. "आलोच." अंगावर सुती साडी, बाहेर नोव्हेंबर. साडेतीन तास बॅगेवर बसून होते. एक पोलीस दोनदा येऊन विचारून गेला. मला त्याचं इंग्रजी कळेना, त्याला माझं.

१९७९, विनयच्या घरचा गणपती. आरतीला "आलोच". प्रसाद गार झाला.

१९८०. हे लिहू का? लिहिते. चौथा महिना. वूस्टरच्या दवाखान्यातून फोन केला, की रक्त थांबत नाहीये. "आलोच." त्याच्या ऑफिसपासून सोळा मैल. मीटिंग होती. तो आला तेव्हा चादरसुद्धा बदलून झाली होती. नर्सने माझा हात धरून ठेवला होता. मला तिचं नावही माहीत नाही.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी बोलले नाही, त्याने विचारलं नाही. तो वाईट माणूस नाही. ओरडत नाही, पीत नाही, घरात काही कमी नाही. मी तक्रार लिहायला गेले तर एक कलम सापडायचं नाही मला. फक्त सातव्या क्षणाला येतो.

शनिवार, २१ जानेवारी

विनयचा फोन. "वहिनी, उद्या 'येस' म्हणून टाका ना! कोणाचं काय जातंय?"

खरंच, कोणाचं काय जातंय? सुलेखा जगेल. सगळे टाळ्या वाजवतील. मी पण.

मला खरं तर निकाल द्यायचाच नाहीये. उद्या टेबलावर शेखरनेच म्हणावं – "मी निघालो होतो." खोटं का असेना! मी तिथल्या तिथे मान्य करीन. जगन्नाथकाकांची शिकवण मोडून मान्य करीन.

रविवार, २२ जानेवारी

सुलेखा गेली.

डगने विचारलं तेव्हा मी आधी शेखरकडे बघितलं. मोजून दहापर्यंत थांबले. सबंध एक फेरी! तो म्हणाला, "तू बघ. ते तुझं डिपार्टमेंट."

मग मी कागद काढला आणि इंग्रजीत वाचून दाखवलं. क्रियापद भूतकाळी आहे. माणूस नाही. मराठी माणूस आलो म्हणाला तर त्याने बूट घातलेत का ते बघावं. आणि वर 'च' लावून आलोच म्हणाला, तर तो खुर्चीतून उठलेलाच नाही असं धरावं. सबब पान ११२ लागू नाही, पान ४७ लागू. आग आधी.

विनय खो खो हसला, मग माझं तोंड बघून त्याने चिवड्याचा डबा जवळ ओढला. डग म्हणाला, "आर यू शुअर?" म्हटलं, शुअर. त्याने सुलेखाच्या कागदावर पेन्सिलीने एक रेघ मारली. इतकी हळू मारली बिचाऱ्याने!

शेखर हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. किती दिवसांनी बघत होता कोण जाणे.

सगळे गेल्यावर म्हणाला, "एवढं काय त्यात? खेळ होता. आलो होतो म्हणायचं."

"तुम्ही म्हणायचं होतं."

त्यावर तो कोट हँगरला लावत बसला.

मंगळवार, २४ जानेवारी

काल कॅरल येऊन गेली. डबा परत द्यायचं निमित्त. वूस्टरला एका वकिलाच्या ऑफिसात असते ती. म्हणाली, आमच्याकडे करारांचे ढीग पडलेत आणि बारीक अक्षरं तुझ्यासारखी वाचणारं कोणी नाही. म्हटलं, माझ्याकडे इथलं लायसन्स नाही. म्हणाली, वाचायला कुठे लागतं?

नंबर लिहून दिलाय. मसाल्याच्या कपाटात आतून चिकटवून ठेवला. कशाला ठेवला? मी काही फोन करणार नाहीये.

रविवार, २९ जानेवारी

चँडलर ठरलं. ठरून आठवडा झाला होता, मला आज कळलं. विनयला आधी माहीत!

"मी पुढे होतो. घरबीर बघतो. तू नंतर ये."

"नंतर म्हणजे?"

"कळवतो ना."

विचारायचं होतं – मी यावं असं वाटतंय का तुम्हाला? जिभेवर आलं होतं. पण उत्तर 'बघू' आलं असतं तर मी त्याचं काय केलं असतं? विचारलंच नाही. मूग गिळून चपात्या लाटल्या.

रविवार, १२ फेब्रुवारी

गेला. विनयने गाडी काढली. विमानतळावर आम्ही तिघं फक्त हवामानाबद्दल बोललो.

वळताना म्हणाला, "येतो." निघताना आपल्यात तसंच म्हणतात, जातो कोणी म्हणत नाही. त्या शब्दावर मी निकाल देणार नाही. दमले.

रविवार, १९ फेब्रुवारी

दोन वाजले. कोणी आलं नाही. येणार नाहीत हे माहीत होतं, तरी चिवडा करून ठेवला. येडचॅप!

डगचा फोन आला होता – आमच्याकडे जमू या, नवीन माणूस कर. म्हटलं, सुचत नाही नाव.

रविवार, २६ फेब्रुवारी

शेखरचा फोन. तिकडे पंचाहत्तर डिग्री फॅरनहाइट. तो हाफ शर्टात फिरतो. ऑफिस मोठं आहे. कँटीन चांगलं आहे. माझ्याकडे हीटर नीट चालतो का?

चालतो.

बरं मग.

शुक्रवार, ९ मार्च

फोन नाही.

रविवार, ११ मार्च

फोन नाही. बर्फ परत.

आईला पत्र लिहायला घेतलं. 'आमचं छान चाललं आहे' इथपर्यंत लिहिलं. 'आमचं' खोडलं. मग पत्रच फाडलं.

रविवार, १८ मार्च

सबंध दिवस उठलेच नाही. पडल्या पडल्या एकच डोक्यात. पुस्तकात एक नियम आहे, मी विनयला शंभरदा समजावलाय : बोललेलं काम आपल्या आकड्यापर्यंत टिकून राहायला लागतं. मधेच घाव बसला तर ते काम वाया, पाळी आली तरी होत नाही. मी सहा वर्षांपूर्वी बोलले होते – याच्याबरोबर संसार करीन. आता माझा आकडा आला तरी हातून काही होईल असं वाटत नाही. राग असता तर बरं झालं असतं. रागसुद्धा नाही. नुसती बसलेय बॅगेवर, सुती साडीत.

त्याने बोलावलं तर जायचं, हे मी अजून धरून आहे. आणि तो बोलावणार नाही हेही मला माहीत आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्यात मी कुठेच नाही.

मसाल्याचं कपाट उघडलं, हळद घेतली, बंद केलं.

रविवार, २५ मार्च

शेखरचा फोन. घर मिळालं. दोन खोल्या, आणि मागे संत्र्याचं झाड. "नागपूरच्या बाईला आवडेल," म्हणाला. आणि मग – "कधी येतेस?"

सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्याने.

"आलेच," मी म्हटलं.

मी खुर्चीतून उठलेले नव्हते. मराठी त्यालाही येतं.