नऊ नंबरची खिडकी

४ मार्च, मंगळवार

शेवटी गेले. औषधाच्या दुकानाच्या मालकांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय. बॅसिलिकेच्या मोठ्या चर्चमध्ये नवऱ्याचा आवाज ऐकायला जाते म्हटलं असतं, तर चार दिवस सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलले असते. हे गेल्यापासून तेच चाललंय.

आत शिरल्यावर डाव्या हाताला टेबल. ओळखपत्र ठेवून घेतात आणि गळ्यात अडकवायचं यंत्र देतात. तिथल्या मुलीने विचारलं, "कुठल्या भाषेत?" मी सांगितलं. "अरे वा, ती कोणी मागतच नाही," म्हणाली आणि यंत्रावर फुंकर मारली. जिथे जो आकडा लावलाय तिथे उभं राहायचं, तो आकडा दाबायचा. बाकी कोणी काही सांगायला येत नाही.

एक दाबला. "नमस्कार. जरा इथेच थांबा. वर बघा."

हे! अगदी तोच आवाज, बातम्यांचा. रेडिओवरून घरी आले तरी मीठ मागायला हाच आवाज असायचा. मी वर बघत राहिले. मान वर असली की डोळ्यांतलं पाणी खाली येत नाही. मागून एका म्हाताऱ्या बाईंनी खुणेने विचारलं, बसता का? नको म्हटलं.

दोन, तीन, चार. खांब, घंटा, कुणा संताचं थडगं. सगळं समजावून सांगत होते, न कंटाळता. माझ्याशी इतकं सलग कधी बोलले नव्हते. मी मनात हुंकार देत मागे मागे चालत होते. बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

नऊवर रंगीत काचांची मोठी खिडकी. काच कधी बसवली, निळा रंग कसा करायचे, सगळं सांगून झालं. मग आवाज जरा खाली आला — "माझ्या पत्नीला ही खिडकी सगळ्यांत आवडते. इथे आली की ती चष्मा काढून हातात धरते. म्हणते, रंग एकमेकांत मिसळू देत. तुम्हीही बघा."

मी त्या बॅसिलिकेत आज पहिल्यांदा पाऊल टाकलं. आणि मला चष्मा नाही.

दहा दाबलाच नाही. यंत्र परत दिलं. मुलगी म्हणाली, "इतक्यात झालं?"

५ मार्च

डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लागलं नाही की दुकानातली पोरं कागद माझ्याकडे आणतात. घार म्हणतात मला. बिनचष्म्याची घार. हेही म्हणायचे.

रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, मलाही दाखवा की एकदा. "तुला कंटाळा येईल. शिवाय पायऱ्या फार आहेत."

दारात तीन पायऱ्या आहेत. पुढे सगळी सपाट फरशी.

६ मार्च

माझ्या लेकीचा फोन. "ऐकलंस का गं? कसं वाटलं?"
"छान आहे."
"रडलीस?"
"थोडी."
"बाबांचा आवाज म्हणजे लोणी."

हो म्हटलं. लोणीच. काहीही घशाखाली उतरवायचे.

तिला काही बोलले नाही. बापाबद्दल मुलीला काय सांगायचं, आणि मला तरी काय माहीत आहे? एक चष्मा. बस.

जेवले नाही.

८ मार्च, शनिवार

राहवेना म्हणून दाढीभावजींकडे गेले. ह्यांचं सगळं रेकॉर्डिंग त्यांच्याकडेच व्हायचं. रेडिओत एकत्र होते तेव्हापासूनची मैत्री. त्यांची दाढी जाऊन किती वर्षं झाली, नाव मात्र तेच राहिलं.

चहा झाला. मला विचारणं जमत नाही कधी. कपाकडे बघत म्हटलं, "त्या नऊ नंबरला पत्नीबद्दल एक वाक्य आहे."

ते वायर गुंडाळत होते. गुंडाळतच म्हणाले, "अहो वहिनी, तो मजकूर इंग्रजीतून आलेला. मूळ वाचणाऱ्याने स्वतःच्या बायकोबद्दल म्हटलंय. आपल्या पठ्ठ्याने जसंच्या तसं वाचलं. तो भूकंप झाला म्हणून वाचायचा, तेव्हा तुमच्या घराची भिंत पडायची का?"

मला हसूच फुटलं. पुष्कळ दिवसांनी हसले. तेही हसले.

९ मार्च

ह्यांचा फोटो मंगळवारपासून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. सरळ केला. काच पुसली. "चुकलं माझं," म्हटलं. कोणी ऐकायला नव्हतं म्हणून मोठ्याने म्हटलं.

दोन्ही वेळा नीट जेवले. कशावरून काय धरून बसले होते मी. साप साप म्हणून भुई धोपटली, दुसरं काय.

१३ मार्च

ह्यांचा लोकरीचा कोट दाढीभावजींना नेऊन दिला. कपाटात कसर लागण्यापेक्षा कोणाच्या अंगावर राहिलेला बरा.

"नको वहिनी. राहू द्या तुमच्याकडे."
"घ्या हो. खांद्यात होईल तुम्हाला."
"तसं नाही..."
"मग कसं?"

घेतला. पण घालून बघितला नाही. घडी तशीच हातांवर धरून दारात उभे राहिले. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तसेच. जवळचा मित्र गेल्यावर माणसाचं असं होतं.

१५ मार्च, शनिवार

आज पुन्हा बॅसिलिकेत. राहिलेले आकडे ऐकायचे होते. दहा ते शेवटपर्यंत सगळं ऐकलं, निवांत बाकावर बसून.

मग वाटलं, तो इंग्रजी बोलणारा माणूसही ऐकावा. ज्याची बायको चष्मा काढते, तो कसा बोलतो बघू. उगाच चार दिवस ह्यांना आणि त्या बाईला शिव्या दिल्या होत्या मनात. टेबलावरच्या मुलीने यंत्र बदलून दिलं. नऊसमोर गेले. दाबला.

इंग्रजीत एक बाई बोलते. काच, साल, निळा रंग. तेवढंच. पुढे "आता दहाकडे चला."

पुन्हा दाबला. एकपासून सगळे दाबून बघितले. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच बाई. बायकोचा, चष्म्याचा कुठे उल्लेख नाही.

ते वाक्य ह्यांचं आहे. ह्यांनी स्वतः घातलंय. आणि ज्यांनी रेकॉर्ड केलं, त्यांना ते माहीत होतं.

१६ मार्च

दाढीभावजींना फोन केला. "कोण?" एवढंच विचारलं. मी फोन धरून राहिले. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, ती आता नाही. तो जाण्याच्या दोन वर्षं आधीच वारली. ऑक्टोबरात."

त्या ऑक्टोबरात हे एका दुपारी लवकर घरी आले आणि माझ्या मांडीत डोकं खुपसून हमसाहमशी रडले. आमच्या संसारात एकदाच. मला वाटलं, रेडिओने निवृत्त केलं ते मनाला लागलं. काही विचारलं नाही. दिवे लागेपर्यंत त्यांच्या केसांतून हात फिरवत मी म्हणत होते — असू दे, मी आहे ना.