घासलेटाच्या वासाचा मध

बाबा,

तिकडे गेल्यावर तरी तुमचा दमा सुटला का? आईचे गुडघे कसे आहेत? तुमच्या मागोमाग आलेल्या काकूला आता नीट दिसते ना? इकडे ऐंशी साल कधीच उलटले, मी आजा झालो, लेकीला मुलगा झाला. प्रकृती बरी आहे. मन तेवढे विटले आहे.

रामाकोन्याच्या आपल्या मळ्यात, विहिरीवरच्या उंबराला यंदाही आग्यामोहोळ लागले होते. दिवाळीनंतर माश्या आल्या. संत्र्याला फूल आले तेव्हा झाडाखाली पिठाची चक्की चालल्यासारखे घुमायचे. फागुनात दोरीवरच्या धोतरांवर त्यांच्या विष्ठेचे पिवळे शिंतोडे. तुमची सून रोज शिव्या घालायची आणि रोज तिथेच वाळत टाकायची. गांधीलमाशी जवळ आली की सारे पोळे चादर झटकल्यासारखे लहरायचे, मी बांधावर बसून पाहत राहायचो. मृगाच्या आधी त्या आपणहून जातात. तोवर त्यांना राहू द्यावे, एवढेच माझे म्हणणे होते.

तुम्ही ओल्या पाल्याचा धूर द्यायचे, फांदीला चिकटलेला मधाचा भाग तेवढा कापायचे. लहानपणी मी खालच्या अळ्यांच्या भागात हात घातला तर मनगटावर चापट बसली होती. "थे लेकरायचं घर आहे बे!"

चैत्रात मी पांढुर्ण्याच्या बाजाराला गेलो आणि मागे माझ्या पाठच्या धाकट्याने घासलेटाचा टेंभा लावून सारे जाळले. परतलो तर पंख जळलेल्या माश्या तळपायाला चिकटत होत्या, काही अजून सरपटत होत्या. हा बादलीत पोळे पिळत बसलेला, अळ्यांसकट. बोटांच्या फटींतून त्यांचे पांढरे पाणी मधात गळत होते. मला तिथेच ओकारी झाली.

"भाऊ, किडेच त होते ना! तुम्ही त माणूस मेल्यावानी करून राह्यले," तो हसला. "तुमच्या नातवाले चाटवायले बाटली भरून ठेवली."

बारशाला खरेच ती घेऊन आला. बोट बुडवून बाळाच्या ओठांशी नेले. मी त्याचे मनगट धरले.

"माह्या नातवाच्या जिभेले हे लागनार नाही."

पाहुण्यांदेखत बाटली मोरीत ओतली. तो पाटावरून न जेवता उठला. तेव्हापासून बोलणे बंद.

ओतताना बोटाला लागला होता, बाबा. धुण्याआधी मी चाटून पाहिला. घासलेटाचा वास होता, आणि तरी गोड लागला. त्याचीच किळस जात नाही. तुमच्या सुनेलाही हे सांगितलेले नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, ठाऊक आहे. तरी धाकट्याकडे मी जाऊ की त्याची वाट पाहू, एवढे लवकर लिहून कळवा.