तीनदा पुसलेला प्रश्न

रविवार, संध्याकाळ. सांगली.

साताऱ्याहून आत्ताच परतले. चहा केलाय, पण प्यावासा वाटत नाही.

आमच्या क्वांटम कॉम्प्युटर शिकणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपमधले निवृत्त सुभेदार महिनाभर गप्प होते, म्हणून आज त्यांच्या घरी गेले. दारातच कळलं, त्यांची मुलगी गेली. सोळा वर्षांची. स्नायूंचा आजार होता म्हणे. मला ठाऊकच नव्हतं. विचारलं तरी कुठे मी कधी?

ग्रुपवर त्यांचा एकच प्रश्न असायचा: या कॉम्प्युटरनं नवी औषधं सापडायला अजून किती वर्षं लागतील? तीनदा विचारला. तीनदा मी पुसला. ॲडमिन ना मी! अंदाज विचारायचे नाहीत, हा माझाच नियम. तिसऱ्यांदा तर कॉलेजचे पेपर तपासता तपासता, चिडून. त्या जागी एक ओळ उरली: 'ॲडमिनने हा संदेश काढून टाकला.'

आज त्यांनी मोबाईल काढून तीच ओळ मला दाखवली.

"मॅडम, तुमी पुसलंत ते लय बरं केलंत. पोरगी रोज विचारायची, बाबा, उत्तर आलं का? वीस वर्षं असं कुणी लिहिलं असतं, तर तिला कसं दाखवणार हुतो मी? तुमाला समजलं हुतं, म्हणूनच पुसलंत न्हवं?"

मला काहीही समजलं नव्हतं. मी वैतागले होते. एवढं सांगायला काय लागतं?

मी हो म्हणाले. त्यांनी हात जोडले.