डावीकडची सीट

३ मार्च
राजीनामा मंजूर. एका दिवसात! एवढ्या लगबगीनं खात्यानं माझं कुठलंच काम केलं नव्हतं. आता माझ्याशिवाय ठाणं कसं चालणार, ही त्यांची डोकेदुखी. मी ट्रक चालवणार. जन्मभर ट्रक अडवले, चालवायला काय लागतं?

मुलीला परगावी नोकरी लागलीय. तिचं सामान मीच पोचवणार, स्वतः चालवत. ती म्हणाली, आधी कुठे महिनाभर टिका तर, बाबा. बंदोबस्तापायी तिच्या एकाही कार्यक्रमाला गेलो नाही, हे ती विसरायला तयार नाही. हट्टी. कोणावर गेलीय, देव जाणे.

१८ मार्च
पहिला दिवस. रुबाबात चढलो, दार आपटलं, बसलो. गाडी हलेना. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, मी डावीकडे बसलोय. जीपमध्ये कायम तिथेच बसायचो. खाली ट्रकचे मालक, शेठ, बघत होते. म्हटलं, तपासणी करतोय.

२० मार्च
रिव्हर्स जमत नाही. मागे बघायची सवयच नाही; त्याला माणसं असायची. यार्डाची भिंत आधीच कच्ची होती. उद्यापासून पहाटे सराव.

२१ मार्च
कंबर धरली. सराव सोमवारपासून.

२७ मार्च
नाक्यावर एका तरुण पोलिसानं मला बघून हात वर केला. डोळे भरून आले. अजून ओळखतात! मीही कडक सलाम ठोकून पुढे निघालो.

पुढच्या वळणावर त्यानं मोटारसायकल आडवी घातली. थांबा म्हणत होता. हुद्दा सांगितला. तो म्हणाला, काका, गाडी बाजूला घ्या. काका! लायसन्स जमा.

बायको म्हणाली, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दुर्लक्ष केलं. जेवलो नाही.

२८ मार्च
बढती! शेठ म्हणाले, तुम्ही डावीकडेच बसा. म्हणजे देखरेख. गाडी आमचा जुना हवालदार चालवणार; निवृत्तीनंतर तो इथेच लागलाय. खात्यातही माझी जीप तोच चालवायचा. अजून साहेब म्हणतो. ताडपत्री मात्र मलाच बांधायला लावतो.

मुलीला अजून सांगितलं नाही. झोप येत नाही.

६ एप्रिल
मुलीचं सामान पोचवलं. कपाट मी एकट्यानं वर नेलं. (हवालदारानं थोडा हात लावला.) मी डावीकडून उतरलो ते तिनं पाहिलं. मला बरंच बोलायचं होतं. उशीर होतोय म्हणालो आणि निघालो.

आरशात बघायचं काम आता माझं. ती दारात येऊन हात वर करून उभी होती. निरोप देत होती. खिडकीतून सलाम ठोकला.

गल्लीच्या तोंडाशी फोन आला. म्हणाली, बाबा, थांबा म्हणत होते मी. चहा टाकलाय.

हवालदाराला म्हटलं, वळव. तो म्हणाला, गल्ली अरुंद आहे साहेब, रिव्हर्सच घ्यावी लागेल, खाली उतरून मागे बघा.

उतरलो. येऊ दे, येऊ दे, ओरडत तिच्या दारापर्यंत आलो. ती पायरीवर उभी राहून बघत होती.

चहा गार झाला होता. सगळा प्यायलो.