पूर म्हणायचं की फुगवटा

१२ मे
घर अन् गाडी, दोन्हीचा एकत्र विमा काढायचं ठरलं. मागच्या पावसाळ्यात धरणाचं पाणी न्हाणीपर्यंत आलं होतं, तवा गाडी नव्हती. आता आहे. जुनीच. पण हे आठवड्यातून दोनदा डायलिसिसले भंडाऱ्याले जातात ते तिच्यातच. गाडी बसली की हे बसले.

१५ मे
भंडाऱ्याची विमेवाली बाई येऊन गेली. सारं घर फिरली, भिंतीची ओल हात लावून पाहिली. तोंडावर म्हणाली, "काकू, आमचा महाग पडते. पण पाणी नदीचं असो का धरणाचं, भरपाई भेटते." मले आवडली. यांना सांगितलं तर म्हणतात, "अन् जवाईबापूले काय सांगशील?"
जवाईबापू म्हंजे बहिणीच्या शारदाचा नवरा. तेही विमाच विकतात. झालं.

१९ मे
ज.बा. आले. पुरणपोळी केली, जवायाले नुसत्या चहावर कोण पाठवते. त्यांचा विमा स्वस्त. धरणाचं पाणी आलं तर? विचारलं मी. म्हणे, "मावशी, नैसर्गिक पूर पाहिजे. कोणी विचारलं तर पूर म्हणायचं, बस."
हे ताटावरून उठले. "मी नाही म्हणणार. वैनगंगेनं आमाले कवा त्रास देल्ला? पाणी धरणानं आणलं, त्याचं नाव फुगवटा. इतके वर्षं तहसीलसमोर बसून हेच तर सांगून राहिलो."
ज.बा. हसले. "काकाजी, एका शब्दानं काय होते?"
पोळी तशीच राहिली ताटात.

२३ मे
ज.बा.कडूनच काढला. शारदाचा फोन होता, "मावशी, तुमी दुसरीकडे काढला तर सासरी मले काय तोंड राहील?" भंडाऱ्याच्या बाईचे दोन फोन आले. उचलले नाही. लाज वाटली.

८ ऑगस्ट
आलं. पाऊस उघडला, ऊन पडलं, अन् पाणी चढूनच राहिलं. हे डायलिसिसले निघायचे होते. गाडी सीटपर्यंत बुडाली. मागची भिंत बसली. आमी शाळेत. शाळेत बसूनही हे प्रत्येकाले सांगतात, पूर नोका म्हणू, फुगवटा म्हणा.

१० ऑगस्ट
बस बंद. डायलिसिस हुकलं. ज.बा.नं एकदाचा फोन उचलला. "उद्या कंपनीचा पाहणीवाला येईल. पूर सोडून दुसरा शब्द निघाला तर माझ्या हातात काही नाही. काकाजीले सांभाळा." जसं काही मी बाकी दिवस यांना सांभाळत नाही.
दुपारी यांचे पाय चेपले. फुगले आहेत. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहते. यांनीही पाहिलं. पाय चादरीखाली ओढून घेतले. मग म्हणाले, "त्याच्याशी तू बोल. मी भिंतीकडे तोंड करून पडतो."
तहसीलवरच्या मोर्च्यात मीही होती. पाटी धरून. पाटीवर काय लिहिलं होतं ते आठवायची गरज नाही.
चहा ठेवता ठेवता हळूच म्हणून पाहिलं. पूर आला, साहेब. पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदा सरळ निघालं.
पाहणीवाला सकाळीच येणार आहे.