सुरतेच्या वाटेवर मुलगी पाहणे

१५ जानेवारी १९८९, रविवार. एरंडोल

आबा आला होता. म्हणे तिळगूळ द्यायला. तिळगुळासाठी भडगावहून एरंडोलला कुणी येत नाही, हे मी ओळखून होते. धाकटा भाऊ माझा, पण गावच आबा म्हणतं म्हणून मीही म्हणते. अर्धा कप चहा झाल्यावर मुद्द्यावर आला. त्याच्या मुलाला, सुधाकरला, अमळनेरची मुलगी सांगून आलीय. नाव कल्पना. इतिहासात एम.ए., धुळ्याला कॉलेजात तात्पुरती शिकवते. जळगावच्या एका वाचनालयाची चार दिवसांची सहल निघतेय. बऱ्हाणपूरहून सुरतेला व्यापाऱ्यांचा जो जुना रस्ता जायचा, त्यावरची गावं दाखवणार. दाखवणारी हीच.

"अक्का, तू जाय. तुले इतिहासना नाद शेच. पोर कशी शे, बोलस कशी, चालस कशी, बठ्ठं देखी ये. तिले मात्र सांगू नको."

आमच्याकडे ही रीतच. आधी लग्नात, बाजारात मुलगी परस्पर बघून ठेवायची, पसंत पडली तर मग रीतसर पोहे. मलाही असंच कुणी कपाशी वेचताना पाहून गेलं होतं. ती माझी चुलत सासू, हे लग्नानंतर कळलं. तेव्हा राग आला होता. आज मात्र हो म्हणून बसले. सहल फुकटात पडतेय हे एक कारण, आणि

असो. दुसरं कारण बऱ्हाणपूर. पुस्तकातून शिकवलं, पाहिलं कधी नाही.

१८ जाने.

पिशवी भरली. दशम्या, ठेचा, शाल, गुडघ्याचं तेल. नोकरीभर चौथीच्या पोरांकडून नकाशात तापी काढून घेतली. निळ्या खडूने, डावीकडे वाहणारी. स्वतः तिच्या काठाने कधी गेले नाही. आता निवृत्तीनंतर जातेय तेही हेरगिरीला.

आबाचा निरोप आला, शेजारच्यांच्या फोनवर. "तू हा म्हणशी तं पुढला महिनाले सुपारी फोडी टाकसूत." म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर. सुधाकरच्या आईला, वहिनीला, विचारलंस का, म्हटलं. तर फोन ठेवला.

१९ जाने. बऱ्हाणपूर, धर्मशाळा

आबासाठी: उंची मध्यम. सावळी. आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत येतो. चालते भराभर, मागे वळून बघत नाही. अख्खी बस पदर आणि धोतरं सावरत तिच्यामागे.

माझ्यासाठी: तिने देऊळ, मशीद, किल्ला काहीच आधी दाखवलं नाही. आधी पाणी दाखवलं. जमिनीखालून खोदत आणलेलं, वर विहिरींसारखी तोंडं. वाकून पाहिलं तर खाली चकाकतंय, अजून वाहतंय. म्हणाली, काफिला गावात शिरला की माणसं देव विचारतात, बैल पाणी विचारतात, आणि गाव टिकतं ते बैलांचं ऐकलं तर. मी विचारलं, लादलेला बैल दिवसात किती चालायचा? तर मलाच म्हणाली, "तुमच्या घरी बैल होते ना, तुम्ही सांगा." मला सांगता येईना. नानांनी सांगितलं. नाना म्हणजे जिनिंगमधून रिटायर झालेले गृहस्थ, चाळीसगावचे. बसच्या टपावर त्यांचं एक पोतं आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा आहे. काय आहे म्हणून विचारलं तर नुसते हसतात.

शेजारी पारोळ्याच्या शांताबाई. बसल्या की झोपतात. तेवढं बरं, मला खिडकी मिळते.

मुलीला खरं तर मी सुधाकरच्या आईच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दिवसभरात दोनदाच आठवण झाली.

२० जाने. चोपडा

आज आमची अब्रू गेली, आणि घालवणाऱ्यांत मी पुढे होते.

सकाळी बऱ्हाणपुरातच जुनी सराई पाहिली. मधे चौक, चहूकडे कमानीच्या ओवऱ्या. क. (कल्पना, सारखं कोण लिहिणार) सांगत होती की इथे काफिले उतरायचे, ज्याची त्याची चूल ज्याच्या त्याच्या ओवरीत. कोपऱ्यातल्या भिंतीवर काजळी दाखवली. मग ती पुढे कुणाची तरी सही घ्यायला फाटकाकडे गेली आणि नानांनी पोतं उतरवलं. वांगी! बामणोदची, हिरवी, तळहाताएवढी. जानेवारीत खानदेशातली चार माणसं घराबाहेर एकत्र आली की भरीत होणारच, त्याला इलाज नाही. आता सराई म्हणजे उतरायची जागा. उतरलं की चूल. तिनेच नाही का सांगितलं? शांताबाईसुद्धा जाग्या होऊन मिरच्या निवडायला बसल्या. पऱ्हाट्या मी पेटवल्या. नानांना वारा कळेना, मला कळतो.

धूर वर गेला, आणि पहारेकरी धावत आला, त्याच्यामागे क. आधी त्याच्याशी हिंदीत बोलली, हात जोडून. चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं, परवानगी माझ्या नावावर आहे, पुढच्या वेळी ती मिळाली नाही तरी चालेल पण या वयस्कर लोकांना काही बोलू नका. तो गेल्यावर आमच्याकडे वळली. तोपर्यंतची पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली.

"हाई काय चालू शे? अक्का, तुम्ही मास्तरीण ना? इतलं समजत नही?"

बसमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला इतक्या वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. आम्ही पोरांसारखे पाणी आणून विझवत बसलो. ती भिंतीकडे बघत म्हणाली, आता उद्या कुणी शिकाऊ संशोधक येईल आणि नानांच्या वांग्याचा धूर मोगलांच्या नावावर लिहून टाकेल. नानांना हसू आवरेना. मग तिलाही.

वांगी दुपारी तापीच्या काठी, उघड्यावर भाजली. भरीत तिने दोनदा घेतलं. आबासाठी: तापट आहे. हे लिहिलं खरं, पण लिहिताना माझं मलाच पटलं नाही. दोष आपला झाकून दुसऱ्याचा राग मोजायचा.

रात्री जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, बाजरीची भाकरी थापता येते का गं? तिने मला एकदा नीट न्याहाळलं आणि ताट उचललं.

२१ जाने. धुळे

थाळनेरला सगळे कबरी बघत होते. मी नदीकडच्या दगडावर बसले होते, गुडघा. ती आली, बाजूला बसली.

"अक्का, तुम्ही भडगावच्या आबांच्या कोण?"

मी गुडघा चोळायला लागले.

"सहलीत किल्ला कुणी बांधला विचारतात, इथे चहा कुठे मिळेल विचारतात. भाकरी येते का, हे कुणी विचारत नाही."

सांगून टाकलं. बहीण. तिला राग आला नाही, निदान दाखवला नाही. येते म्हणाली भाकरी. मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "तुम्ही हो म्हणालात तर माझं हे फिरणं संपलं. तुमच्या घरातल्या बायका बाहेर पडत नाहीत, मी चौकशी केलीय. नाही म्हणालात तर लोक कारण विचारतील. तुम्हाला काहीतरी सांगावं लागेल. ते माझ्या नावाला चिकटेल, आणि पुढच्या प्रत्येक घरी माझ्याआधी जाऊन बसेल." वडिलांनी तिला ही एक सहल दिलीय. पुढे काय ते पाहुणे ठरवतील म्हणाले. दिवाळीनंतर पैठणहून उज्जैनची वाट करायची तिच्या मनात आहे, पितळखोरा, प्रकाशा, महेश्वर करत. कागदावर सगळे मुक्काम काढून ठेवलेत.

"सुधाकर कसा आहे?" हे तिनेच विचारलं. चांगला आहे म्हटलं. पाटबंधारेत आहे, व्यसन नाही. यापलीकडे माझ्या भाच्याबद्दल मला काही सांगता येईना. त्याला काय आवडतं? कशाचा राग येतो? आम्ही मुलगी किती बारीक बघतो, आणि घरातला मुलगा

प्रकाशाला दुपार झाली. संगमाजवळ जुन्या पांढरीची, म्हणजे मोडलेल्या वस्तीच्या टेकाडाची माती, पावसाने धुऊन खापरं वर आलेली. माझ्या पायाशी पांढरा वाकडा तुकडा दिसला. शंखाची बांगडी, क. म्हणाली, तुटकी. समुद्र इथून कुठल्या कुठे, तरी कुणाच्या तरी हातासाठी तो इथवर आला. मनगटावर धरून पाहिली, माझ्या मापाची असावी. गुपचूप कनवटीला लावायला गेले, तर तिचा हात पुढे. "जिथे होती तिथेच ठेवा." ठेवली. जीव मात्र तिथेच घोटाळतोय अजून.

मला ही मुलगी फार आवडली. म्हणूनच काय सांगावं ते कळत नाही.

२२ जाने., रविवार. घरी

पारोळ्याचा किल्ला, मग मी एरंडोलला उतरले. उतरताना क. म्हणाली, कागद बनवणारे तुमच्या गावात होते, त्यांची गल्ली शोधून ठेवा, पुढच्या वेळी मला दाखवा. पुढच्या वेळी असं म्हणाली, आणि म्हटल्यावर जरा थांबली. मी तिचा हात धरला, सोडला. नानांनी उरलेली दोन वांगी दिली.

जन्म याच गावात गेला. गल्ली मला माहीत नाही.

२४ जाने.

आबा सकाळीच हजर. सुधाकरला घेऊन आला. "मंग? कशी शे पोर?"

रात्रभर उत्तर घोळवलं होतं. तोंडात आलं ते वेगळंच. "पोर चांगली शे. आपलं घर तिले चालस का, ते पहिले देखू."

आबाला कळेना. म्हणाला, उलटी गंगा. मी सगळं सांगितलं, सराईतली चूल, ती मला काय बोलली तेही. आबाचं तोंड उतरलं. सु. मात्र विचारत राहिला, मग पुढे काय म्हणाली? वांगी खाल्ली का? मोगलांच्या नावावर? हा मुलगा एवढा बोलतो हे मला ठाऊक नव्हतं.

आबाला म्हटलं, मी तिला बोलावणार. भडगावला, दिवसभर. ती बघेल, विचारेल, आणि हो-नाही ती म्हणेल. तिने नाही म्हटलं तर लोकांना सांगायचं की मुलीकडच्यांनाच आमचं घर पसंत पडलं नाही. चिकटू दे आपल्याला. आपण मुलाकडचे, आपल्याला काही होत नाही.

आबा चहा न पिता उठला.

२९ जाने.

पत्र टाकलं. आबाला न विचारता. भावाशी इतकी वर्षं वाकडं कधी घेतलं नाही. भीती वाटते. तो म्हणाला उद्यापासून अक्का परकी, तर जायला दुसरं माहेर नाही मला.

कागद्यांची गल्ली सापडली. एक म्हातारा म्हणाला, आजा करायचा. दगडी हौद अजून आहे, त्यात आता म्हैस पाणी पिते.

५ फेब्रु.

क.चं उत्तर. चार ओळी. येते. रविवारी, सकाळच्या गाडीने, एकटी. "भरीत मी करीन, चूल मात्र तुम्ही पेटवा."

११ फेब्रु. भडगाव

काल आले. आबा माझ्याशी बोलत नाही, पण ओसरी सारवून घेतली. वहिनी स्वयंपाकघरात डबे घासत होती, घासलेलेच पुन्हा. मी म्हटलं, राग आला का तुला, पोर घर बघायला येतेय म्हणून? नाही म्हणून मान हलवली. मग डब्याकडे बघतच म्हणाली, "माले कोनी इचारं नव्हतं."

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून फळीवरचे सगळे डबे घासले.

१२ फेब्रु., रविवार

पहाटेपासून आबा अंगणात. धुतलेलं धोतर नेसलाय, टोपी दोनदा बदलली. शेवटी माझ्याकडे न बघता विचारलं, "काय इचारी ती?"

मला काय माहीत, म्हटलं. विचारेल ते खरं सांग.

सु. स्टँडवर गेलाय. जाताना हात पुसून मला विचारून गेला की पितळखोरा नक्की कुठल्या बाजूला. वहिनीने नवं लुगडं नेसलं आणि ओट्यावर येऊन बसली, पुढच्या ओट्यावर, जिथे ती कधी बसत नाही. आबाने पाहिलं.

गाडीचा हॉर्न वाजला वाटतं.